फक्कीच्या रेघा

दुपारी दोनला येते, असं बाग आखायला बोलावलेल्या डिझायनरबाई फोनवर म्हणाल्या तेव्हा मी त्यांना दोनदा विचारलं. वैशाख होता. जळगावात वैशाखात दुपारी दोनला कुणी कुणाच्या दारात जात नाही. खिडक्यांना ओले पडदे, कूलरची घरघर, आणि रस्त्यावर रसवंतीच्या घुंगरांखेरीज आवाज नाही, अशी ती वेळ. "संध्याकाळी या ना, निवांत बसू," मी म्हटलं. "नाही, दोनलाच," त्या म्हणाल्या, "आणि मग चारला पुन्हा थोडा वेळ."

त्या आल्या. डोकं-तोंड ओढणीनं बांधलेलं, खांद्याला पिशवी, पिशवीत मोजायची टेप आणि मैदानावर आखायला वापरतात ती पांढरी फक्की. घरात पाणी पिऊन त्या थेट परसात गेल्या आणि निंबाच्या सावलीची कड जिथं पडली होती तिच्यावरून फक्की टाकत एक चक्कर मारून आल्या. चारला तेच. सावली तोवर पूर्वेकडे सरकली होती. परसात दोन मोठी, वेडीवाकडी वर्तुळं उमटली, एकमेकांत अडकलेली. मग ओसरीवर बसून त्यांनी पहिला प्रश्न विचारला. कोणती झाडं आवडतात, बजेट किती, असलं काही नाही. "या बागेत तुम्ही कोणत्या महिन्यात बसणार आहात?"

मला उत्तर देता आलं नाही. मी बागेचे फोटो जमवले होते, महिन्याचा विचार केला नव्हता.

त्याआधीच्या हिवाळ्यात आम्ही सगळे गोव्याला एका रिसॉर्टमध्ये चार दिवस राहिलो होतो. निळं पाणी, पाण्याला टेकलेली हिरवळ, ओळीनं उभे पाम, प्रत्येक झाडाच्या बुडाशी लपवलेला दिवा. परत आल्यावर मेहरूणकडच्या आमच्या घराचं मागचं दार उघडलं आणि पन्नास बाय चाळीस फुटांचं परस बघत उभी राहिले. भेगाळलेली काळी माती, धुण्याचा दगड, मोडकी सायकल, आणि मधोमध निंब. मला इथं ते गोव्याचं हवं होतं. तशी इच्छा झाली याबद्दल मला आजही काही वाईट वाटत नाही. माणसानं घाम पुसून बसावं, कुणी त्याला उठ म्हणू नये, अशी जागा घरात असावी असं वाटणं फार जुनं आहे.

शिवाय माझ्याकडे एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझं माहेर धुळ्याचं, देवपुरातलं, पांझरा नदीच्या काठाचं. आई गेली, तिच्यामागून वडील गेले, आणि दोन वर्षांत ते घर विकलं गेलं. त्यानंतर आखाजीला मला जायला जागा उरली नाही.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्रात त्या दिवशी लोक सोनं घेतात. खानदेशात लेकी माहेरी येतात. पितरांच्या नावानं घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस करायचा, गौराई बसवायची, आणि निंबाला झोका बांधायचा. हे सगळं ऐन वैशाखात, जेव्हा अंगणातली फरशी तळव्याला चटका देते तेव्हा. आमच्या दारातल्या निंबाला वडील मोटेचा जुना नाडा टाकायचे. एसटीतून उतरून, डोक्यावर पदर घेऊन मी दारात पोचले की माय घरात ये म्हणायची नाही, पाणी आणतानाच सांगायची, "आठे सावली शे, आठे बस." मग झोक्याशेजारी टाकलेल्या बाजेवर मी आडवी व्हायची आणि संध्याकाळपर्यंत उठायची नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. त्यातल्या बहुतेक आखाज्या मी तिथं घालवल्या, म्हणून सासरची आखाजी मला नीट माहीतच नव्हती. माझ्या नणंदा त्याच दिवशी इथं येत, आणि मी इथून निघालेली असे.

हे सगळं मी त्या दुपारी डिझायनरबाईंना सांगून टाकलं. का सांगितलं कुणास ठाऊक. बहुतेक त्यांच्या बोलण्यातल्या हेलामुळे. त्या नाशिकला काम करत, पण मूळच्या साक्री तालुक्यातल्या, पांझरेच्याच वरच्या अंगाच्या. त्यांनी वहीत लिहिलं, 'वैशाख', आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. "मग बाग वैशाखाची करू," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात काय, सगळंच हिरवं असतं."

माझ्या मनातल्या चित्रात मधला निंब नव्हता. तो काढायचा, १९७५च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्याप्रमाणे लागते ती परवानगी घ्यायची, तिथं हिरवळ करायची आणि कडेनं रॉयल पाम लावायचे. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "मेच्या शेवटच्या आठवड्यात बारा-साडेबाराला भिंतीची सावली बघितली आहे कधी?" ती नसतेच. जळगाव एकवीस अक्षांशावर. त्या दिवसांत सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि शून्य सावलीचा दिवस होतो. भिंत, खांब, पाम, जे जे नुसतं उंच आहे त्याची सावली त्याच्याच पायाशी गोळा होते. त्या महिन्यात माणसाला सावली देतं ते फक्त डोक्यावर पसरलेलं काहीतरी. आणि निंबाचं वेळापत्रक तर मी जन्मभर पाहूनही पाहिलं नव्हतं. माघ-फाल्गुनात, ऊन हवंहवंसं असतं तेव्हा तो पानं गाळतो. पाडव्याला तांबूस पालवी आणि पाठोपाठ मोहोर. आखाजीपर्यंत तो गच्च. इतकं चोख काम करणारं यंत्र कुणाला विकत आणता येणार? ज्यांनी निंबाला झोके बांधायची रीत पाडली त्या बायकांनी नुसती फांदीची ताकद पाहिली नव्हती.

निंब राहिला. आणि तो मधोमध असल्यामुळे सगळी बाग त्या दोन फक्कीच्या वर्तुळांवर बेतली गेली. बसायचं ते वर्तुळांच्या आत. बाहेर जे असेल त्याला स्वतःचं ऊन स्वतः सोसता आलं पाहिजे.

रिसॉर्टचं मात्र त्या हसण्यावारी नेत नव्हत्या, हे मला फार आवडलं. एकदा त्यांनी श्रीलंकेतल्या जेफ्री बावांच्या लुनुगंगा बागेचे फोटो दाखवले. बावा वकिली सोडून वास्तुकलेकडे वळलेले. १९४८मध्ये बेंटोटाजवळ रबराचा एक जुना मळा घेऊन त्यांनी ती बाग करायला घेतली आणि जवळजवळ आयुष्यभर करत राहिले. चाफ्याच्या फांद्या हव्या तशा वाकाव्यात म्हणून त्यांना वजनं टांगली. दूरचा स्तूप दिसावा म्हणून मधल्या टेकडीचा माथा उतरवला. बेंटोट्याच्या किनाऱ्यावरचं हॉटेलही त्यांचंच. आज आपण ज्याला रिसॉर्टची बाग म्हणतो ती घडण्यात या माणसाचा हात मोठा. "त्यांनी बाहेरून काही आणलं नाही," डिझायनरबाई म्हणाल्या. "तिथला पाऊस, तिथला उतार, तिथलं तळं. नंतरच्यांनी त्याचे फोटो काढले आणि पाऊस तिथंच ठेवून फोटो इकडे आणले." आमच्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, धुळ्याला त्याहून कमी. ज्या फोटोला मी भुलले होते त्याचं पाणी माझ्या ढगात नव्हतं.

मग आला पाण्याचा कागद. त्यांनी परसाचे तीन भाग केले आणि प्रत्येकावर लिहिलं, फड पहिला, फड दुसरा, फड तिसरा. मी धुळ्याची, तरी मला हा शब्द केवळ कानावरून गेलेला. पांझरेवर, आणि मोसम-आरमवरही, शेकडो वर्षं चालत आलेली फडाची पाटबंधारे पद्धत त्यांनी ओसरीवर बसून समजावली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या शिवाराचे फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, म्हणजे सगळ्यांची तहान एकसारखी. पाणी सोडणारा पाटकरी गावानं नेमलेला. पाणी कमी पडलं की कुणा एकाचं शेत वाळत नसे. कोणत्या फडाला यंदा पाणी नाही ते गाव बसून ठरवत असे, आणि जमीन सगळ्यांची सगळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे तोटाही वाटला जात असे. त्यांच्या आजोबांच्या गावात हे चालू होतं. याच पांझरेवर, दातर्तीजवळ, नदीपलीकडे नळानं पाणी नेण्याचं काम १८८४मध्ये नोकरीला लागलेल्या विश्वेश्वरय्यांच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक होतं. मोठ्या इंजिनिअराच्या कितीतरी आधी तिथं पाटकऱ्याचं शहाणपण वाहत होतं.

"लँडस्केपच्या पुस्तकात याला वेगळं नाव आहे," त्या म्हणाल्या. "सारख्या तहानेची झाडं एकत्र लावा, म्हणजे एका नळीवर चालतात. मी कॉलेजात ते शिकले तेव्हा आजोबांना फोन केला होता."

पहिला फड तहानलेल्यांचा: केळी, हेलिकोनिया, अळू, मोगरा. दुसरा मधल्यांचा: लिंबू, जास्वंद, पारिजातक, शेवगा आणि हिरवळीचा तुकडा. तिसऱ्याला दुसऱ्या वर्षानंतर पाणी नाही: मेहरूणची बोर, सीताफळ, बहावा, कण्हेर, आणि कुंपणाशी लळिंगच्या कुरणात दिसतं तसं मारवेल नि पवन्या गवत. तीन फड, तीन कॉक, आणि ठिबक. जळगावात ठिबक शोधायला लागत नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भवरलाल जैनांनी ही काळी नळी इथल्या शेतकऱ्याच्या हातात दिली, आणि जैन हिल्सवरचा बोडका खडक हिरवा होताना आमच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिला. माझे सासरे, नाना, यांनी यावल तालुक्यातल्या केळीत फार आधी ठिबक घातलं होतं. त्यामुळे परसात नळ्या अंथरायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. ताशी चार लिटरचे ड्रीपर त्यांनी हातानं टोचले.

हिरवळीवरून मात्र नाना अडून बसले. मला बाराशे चौरस फूट हवी होती. डिझायनरबाईंनी हिशेब मांडला: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. बाराशे फूट म्हणजे १११ चौरस मीटर. वैशाखात दिवसाला सात मिलिमीटर धरले तरी जवळपास पावणेआठशे लिटर रोज, फक्त गवताला, तेही नळाला रोज पाणी येत नसताना. हे ऐकून मी तीनशे फुटांवर आले. दोनशे लिटरच्या आत. पण नानांचा मुद्दा पाण्याचा नव्हताच. रोपवाटिकेतून 'बर्म्युडा' नावानं गवताचे चौकोन आले, तेव्हा त्यांनी एक हातात घेतला, मूळ उलटं करून पाहिलं आणि खाली ठेवला. ती हरळी होती. गणपतीला वाहतो ती दूर्वा, आणि शेतकऱ्याची जन्माची वैरीण. नानांनी पंचेचाळीस वर्षं ती कुळवानं, कुदळीनं, हातानं खणून काढली होती, काशा वेचून बांधावर वाळत घातल्या होत्या. "ही विकत आणली?" एवढंच ते म्हणाले. दोन दिवस परसात आले नाहीत. त्यांचं दुखणं मला समजत होतं. तीनशे फूट हरळी नानांच्या नजरेला रोज पडणार, हे मी तोवर ध्यानात घेतलं नव्हतं. मी तो तुकडा त्यांच्या खोलीच्या खिडकीसमोरून हलवून पलीकडच्या कोपऱ्यात नेला.

पोहण्याच्या तलावाचा झाला हौद. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, कमरेइतक्या पाण्याचा, म्हणजे सुमारे ५,४०० लिटर. त्यात पोरं डुंबतील, मोठी माणसं पाय सोडून बसतील, आणि रोज संध्याकाळी त्यातलं चार बोटं पाणी पहिल्या फडाला जाईल नि तेवढंच ताजं वरून पडेल. केळी पोरांचं पाणी पितील, या कल्पनेवर माझी भाची इतकी खूश झाली की चार बोटं मोजायचं काम तिनंच घेतलं. बांधताना मात्र ठेकेदारानं घाई केली. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. तिच्यावर काही बांधायचं तर ती मुरमापर्यंत उपसून मुरूम भरावा लागतो. कागदावर तसं लिहिलेलं होतं. पहिल्याच आषाढात हौदाला तिरपी चीर गेली. फोडून पुन्हा करावा लागला, दिवाळी त्यातच गेली आणि पैसेही. कोळशानं भिंतीवर हिशेब मांडत नाना म्हणाले, मातीला विचारल्याशिवाय तिच्यावर बसायचं नसतं.

उंबराचं एक रोप मी हट्टानं लावलं, विहिरीच्या कोपऱ्यात, घरापासून जितकं लांब जाईल तितकं. उंबराची मुळं कुठं जातात ते ठाऊक असूनही डिझायनरबाईंनी नको म्हटलं नाही, कारण मी त्यांना १९०७ची गोष्ट सांगितली. त्या साली आमच्या जळगावात पहिलं कविसंमेलन भरलं, 'काव्यरत्नावली' मासिक चालवणाऱ्या नानासाहेब फडणिसांच्या गावात. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशानं लष्करी डॉक्टर आणि जीव वनस्पतींत गुंतलेला. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा, बसूंच्या जोडीनं केलेला त्यांचा मोठा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९१८मध्ये आला. त्या संमेलनात धरणगावात जन्मलेला एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणायला उभा राहिला, आणि या झाडं ओळखणाऱ्या माणसानं त्याला 'बालकवी' हे नाव दिलं. हे बालकवी ठोमरे पुढे गेले तेही १९१८मध्येच, इथून जवळच्या भादली स्टेशनाशी, रेल्वेखाली. पाण्यात पाय सोडून बसलेला 'औदुंबर' लिहिणाऱ्याच्या मुलखात परस करायचं आणि उंबर लावायचा नाही, हे माझ्यानं होईना. मला त्या संमेलनाचं राहून राहून वाटतं: कवी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ एकाच मांडवाखाली, एकमेकांची पारख करत. बाग करताना मला तसाच मांडव मिळाला होता.

कागदावर 'फायर पिट' म्हणून जो गोल होता त्याचं काय करायचं ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. थंडीत तिथं पऱ्हाट्यांचा जाळ झाला, बामणोदची हिरवी, हातभर वांगी त्यात टाकली, आणि सासूबाईंनी कळण्याच्या भाकरी थापल्या. तीस माणसं जेवली. निंबानं तोवर पानं गाळायला सुरुवात केली होती, त्यामुळे डोक्यावर आभाळ मोकळं होतं.

आणि मग आखाजी आली.

तीन नणंदा, त्यांची पोरं, सासूबाईंची पंच्याऐंशीची बहीण. मी पहिल्यांदा या घरातली आखाजी घरात राहून पाहत होते. पहाटे घागरी भरल्या. त्यातली एक माझ्या आई-वडिलांच्या नावाची होती. ती मी सांगितली नव्हती, सासूबाईंनीच पाटावर मांडून ठेवली होती. नाडा आता कुठं मिळतो, पण नानांनी शेतातल्या खोलीतून मनगटाएवढा दोर शोधून आणला, फांदीवर गोणपाट गुंडाळला आणि झोका टाकला. दुपारी एकला धाकटी नणंद आली. भुसावळहून बसनं, तोंड लाल झालेलं. मी मागच्या दारातून तिला पाहिलं, हातात तांब्या होता, आणि मी काय बोलतेय ते मला बोलून झाल्यावर कळलं. "आठे सावली शे, आठे बस." घरात आमच्या अहिराणी कुणी बोलत नाही. ती हसली आणि बाजेवर आडवी झाली. फक्कीची रेघ केव्हाच पुसली गेली होती, पण बाजा तिच्या आतच टाकल्या होत्या. दोनच्या सावलीतून चारच्या सावलीत त्या आम्ही एकदाच सरकवल्या, झोपलेल्या माणसांसकट.

गोव्यात चार दिवस जे शोधलं ते याहून वेगळं होतं असं मला वाटत नाही.

जूनमध्ये पावसानं ओढ दिली. रोहिणी कोरड्या, मृगाचेही दहा दिवस कोरडे. बोअरला पाणी कमी झालं, मोटर मध्येच हवा ओढायला लागली. मी डिझायनरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी नाही सांगणार. फड तुमचे आहेत. बसा आणि ठरवा."

म्हणून संध्याकाळी आम्ही निंबाखाली बसलो. नाना, सासूबाई, हे, मी, आणि सुट्टीला राहिलेली भाची. हौद रिकामा करायचा का? भाची गप्प झाली. केळी घडावर आली होती. मोगऱ्याच्या कळ्या सासूबाईंच्या देवाच्या. तिसऱ्या फडाची रोपं अजून दुसऱ्या वर्षाची, त्यांना एवढा उन्हाळा द्यायलाच हवा. लिंबू वाचवायचं. हळूहळू सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या हिरवळीकडे वळल्या आणि मग माझ्याकडे. त्या तीनशे फुटांवर मी रोज सकाळी अनवाणी चालत होते. मीच उठले आणि हिरवळीची नळी बंद केली.

आठ दिवसांत ती पिवळी पडली, मग तपकिरी. पायाखाली वाळल्या कडब्यासारखी वाजायला लागली. भाचीनं नानांना विचारलं, "आजोबा, मेली का हो ती?"

नाना खुर्चीतून उठले. वर्षभरात पहिल्यांदाच ते त्या तुकड्यावर गेले, उकिडवे बसले आणि खुरप्याच्या टोकानं माती उकरली. वीतभर खाली पांढरी, रसरशीत काशी होती. ती त्यांनी उपटली नाही. भाचीला दाखवली आणि वर माती सारली.